संक्रांत पिवळं नेसली होती

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या रस्त्याच्या कडेला बांबू उभे राहतात. दहा-वीस पावलांवर एक, आणि मधे पांढऱ्या दोऱ्याचे फेरे. मग बोटांना चिंध्या गुंडाळलेली माणसं येतात, मुठीत गुलाबी लगदा धरतात आणि दोऱ्यावरून मूठ फिरवत इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत राहतात. लगद्यात खळ, रंग आणि काचेची पूड. दुपारपर्यंत फुटपाथ गुलाबी, त्या माणसांचे पाय गुलाबी, गटाराचं पाणीसुद्धा गुलाबी. इथे याला मांजा पाजणं म्हणतात. लग्न होऊन अकोल्याहून सुरतेला आले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि मला हसू आलं होतं. म्हटलं, दोरा काय तान्हं बाळ आहे, पाजायला? आता हसू येत नाही. बांबू दिसले की मी रस्ता बदलते. पण डिसेंबरात सुरतेत बांबू नाहीत असा रस्ता शोधायचा कुठे?

उत्तरायणाच्या या दिवसांत अख्खं शहर मान वर करून चालतं आणि मी माणसांचे गळे बघत चालते. सिग्नलला शेजारी स्कूटर थांबली की चालवणाऱ्याचा गळा उघडा आहे का झाकलेला, एवढंच मला दिसतं. बाकी चेहरा, कपडे, काही नाही. परवा एकाला न राहवून म्हटलं, "अरे बाबा, वरचं बटण तरी लाव." तर तो म्हणतो, "आंटी, ठंडी क्यां छे?" थंडी नाही हे मलाही कळतं रे राजा. मी काय थंडीसाठी सांगतेय?

हल्ली पुष्कळ जण हँडलला तारेची कमान बसवतात. दोरा आडवा आला तर कमानीवरून डोक्यावर निघून जातो. गळ्याला बांधायचे पट्टेही मिळतात. नव्वदच्या दशकात आमच्या ओळखीत तरी असलं काही कुणाकडे नव्हतं. प्लेगच्या साली शहराला तोंडाला रुमाल बांधायची सवय लागून गेली होती, पण गळा बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं. म्हणजे, एका बाईला सुचलं होतं. ती माझी सासू.

आमची गाडी आली ती रेल्वेने. माझ्या भावाने अकोल्यात मोठी मोटारसायकल घेतली आणि जुनी छोटी आम्हाला दिली. कुठल्याही मोटारसायकलीशेजारी उभी केली तर तिचं पिल्लू वाटावं एवढीशी. भावाने टाकीतलं पेट्रोल पार काढलं, गाडीला गोणपाटात शिवलं, वर काळ्या रंगाने आमचा सुरतेतला भेस्तानचा पत्ता लिहिला आणि मालाच्या डब्यात चढवून दिली. हे टेम्पो घेऊन स्टेशनवर गेले. परत येताना पुढे बसायला जागा असून मागे गाडीपाशी बसले, हँडलला मिठी मारून, वाटेत ती कलंडू नये म्हणून. टेम्पो दारात थांबला तेव्हा सासूबाई ताट घेऊन तयारच होत्या. गोणपाट उसवलं, हँडलला कुंकू लावलं, ओवाळलं.

"मला आणलं तेव्हा इतकं ओवाळलं नव्हतं हो," मी म्हटलं.

"तू बोलतं," सासूबाई म्हणाल्या. "हे बोलत नाही."

आणि खरंच ती बोलत नव्हती. प्रवासात तिचा हॉर्न गेला होता. बटण दाबलं की आत कुठेतरी टक् व्हायचं, बस. मी रोज मागे लागायची, दुरुस्त करून घ्या. हे म्हणायचे, "मी हाव ना."

ते अगदी खरं होतं. ह्यांचा आवाज म्हणजे काय सांगू! अकोल्यात गल्लीतल्या मंडळाच्या माईकवर सगळ्या घोषणा हेच द्यायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, माईक उगीच धरते, त्याची काही गरज नाही. भेस्तानच्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये हे कामाला होते. रंगवलेल्या कापडाचे नमुने घेऊन रोज पर्वत पाटियाकडच्या व्यापाऱ्यांकडे जायचं, रंग पसंत करून घ्यायचा, परत यायचं. मागच्या सीटवर नमुन्यांचं गाठोडं, पुढे हे, आणि हॉर्नच्या जागी आवाज.

रविवारी गाठोड्याच्या जागी मी बसायची. भेस्तानहून निघून मार्केटच्या बाजूला वळलं की रस्ता म्हणजे नुसती उतरंड. हातगाड्यांवर माणसापेक्षा उंच गाठी, आणि गाडी ढकलणाऱ्याला पुढचं काही दिसत नसतं. रिक्षातून दोन्ही बाजूंना कापडाचे ताके बाहेर आलेले. सायकलीवर चार डबे लटकावलेला दूधवाला. हायवेकडून शहरात घुसलेला, वाट चुकलेला ट्रक. मधोमध बसलेली गाय, तिला कशाचंच काही नाही. आमची ती चिमुकली गाडी या सगळ्यांच्या खांद्याखालून वाट काढायची आणि हे गात असल्यासारखे ओरडत राहायचे. "ओ काका, जरा खहजो नी!" म्हणजे जरा सरका, हे गुजरात्यांसाठी. "भैया, बाजू, बाजू!" हे हातगाडीवाल्यांसाठी. आणि एखादं नऊवारी दिसलं की, "मावशी, सांभाळून वं!" लोक वळून बघायचे, हसायचे, बाजू व्हायचे. एका रिक्षावाल्याने ह्यांचं नाव पाडलं होतं, माईकवाला. मी मागे बसून लाजेने अर्धमेली व्हायची आणि मनात मात्र फुलून यायची. खोटं कशाला बोलू?

भीती मला त्या गर्दीची कधी वाटली नाही. गर्दी दिसते, तिच्यातून वाट काढता येते. भीती वाटायला लागली ती मोकळ्या जागेची. ते असं झालं. त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही येत होतो. पुढचा रस्ता चांगला वीस-पंचवीस पावलं रिकामा होता आणि ह्यांनी जरा वेग घेतला. एकदम हे "अरे!" म्हणाले आणि डावा हात तोंडासमोर नेऊन काहीतरी बाजूला केलं, माशी हाकलावी तसं. माझ्या कानाजवळून काहीतरी सरकत गेलं. वळून बघितलं तर काही नाही. विजेच्या तारेवर फाटका पतंग, एवढंच. घरी येऊन ह्यांनी हात धुतला तेव्हा करंगळीवर बारीक रेघ दिसली. रक्त नव्हतंच. आम्ही बघत राहिलो आणि मग ते आलं, सावकाश, रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बोट मधे आलं म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर कुठं बसला असता दोरा?"

ह्यांनी गंमत केली, "नाकावर बसला असता. नाक तसंही मोठंच हाये."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी विणायची पिशवी काढली. मला तेव्हा सहावा संपून सातवा लागला होता, आणि मुलगा का मुलगी माहीत नाही म्हणून त्यांनी बाळासाठी पिवळी लोकर आणली होती. स्वेटर, टोपी, मोजे विणून झाले होते, लोकर उरली होती. कमी पडली तेव्हा आणखी दोन गुंड्या मागवल्या, आणि पाच दिवसांत मफलर तयार केला. असा जाड आणि असा लांब, की गळ्याला दोन वेढे बसून टोकं शर्टात खोचता येतील. "थंडीले नाही हा," त्यांनी बजावलं. "दोऱ्यासाठी हाये. काढायचा नाही." रोज सकाळी हे निघाले की त्या स्वतःच्या हाताने वेढे द्यायच्या, दुसरा वेढा घट्ट बसलाय का ते बोट घालून बघायच्या, आणि मगच आत जायच्या. चौथी शिकलेल्या त्या बाईने न सांगता बरोबर ओळखलं होतं, मरण कुठून येऊ शकतं ते.

आणि मी? मी बीएस्सी. मराठी शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी. लिंबू-मिरचीची टिंगल करणारी, ग्रहणात मुद्दाम भाजी चिरणारी.

आता संक्रांतीचं सांगायला हवं. आपल्याकडे संक्रांत म्हणजे नुसता तीळगूळ नाही. ती देवी दर वर्षी कशावर तरी बसून येते, कुठल्यातरी रंगाचं वस्त्र नेसून येते, हातात शस्त्र असतं, एका दिशेकडून येते आणि दुसऱ्या दिशेला जाते. पंचांगात सगळं छापलेलं असतं. आणि ती ज्याला हात लावेल त्याचं वाईट होतं, जो रंग नेसेल तो त्या दिवसांत अंगावर घ्यायचा नाही, अशी बायकांची समजूत. आपल्या भाषेत कुणावर मोठं संकट आलं की संक्रांत आली म्हणतो, ते उगीच नाही. शाळेत मधल्या सुट्टीत दर जानेवारीत ही चर्चा रंगायची आणि मी डबा खाता खाता म्हणायची, सूर्य मकर राशीत जातो बायांनो, साडीच्या दुकानात जात नाही.

त्या वर्षी मी रजेवर होते. शेजारच्या सुमनबाई, अमळनेरच्या, नवरा लूमवर कामाला, दुपारी माझ्याकडे तीळ निवडायला बसल्या होत्या. निवडता निवडता सहज बोलल्या, "औंदा संक्रांत पिवळं नेसेल शे, बाई. तुना पोटमा लेकरू शे. पिवळं काही आंगवर ठेवू नको."

मी हसले. अगदी नेहमीसारखी हसले. आणि त्या गेल्यावर उठून भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघितलं. मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं. वस्त्र पिवळं.

मला आधी एकदा दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही, कारण नसतंच म्हणाले. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कारण नाही हे पचत नाही हो. कारण नसलं की माणूस कुठलंही कारण धरून बसतो. त्या दुपारी मी माझी पिवळी साडी घडी करून पेटीत तळाला घातली. मग हळदी रंगाची उशीची खोळ काढली. मग बाळाचा स्वेटर, टोपी, मोजे. प्रत्येक वेळी स्वतःलाच म्हणत होते, काय हा मूर्खपणा, आणि हात चालूच होते. पेटी बंद केली. आता घरात पिवळं एकच उरलं, आणि ते रोज ह्यांच्या गळ्यात असायचं.

सासूबाईंना सांगायची माझी छाती नव्हती. त्या असल्या गोष्टी मानत नसत असं नाही, पण मफलरच्या आड त्यांनी देवालासुद्धा येऊ दिलं नसतं. म्हणून मी दोन-तीन दिवस गप्प राहिले, आणि रोज सकाळी तो पिवळा रंग गेटबाहेर जाताना बघत गॅलरीत उभी राहिले.

भोगीची सकाळ. स्वयंपाकघरातून बाजरीच्या भाकरीवर भाजलेल्या तिळाचा वास येत होता. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे वेढे दिले, बोट घातलं, आणि भाकरी करपेल म्हणून घाईने आत गेल्या. हे खाली उतरले. मीही मागोमाग उतरले. हे गाडी स्टँडवरून काढत होते.

"अहो, तो काढा."

"काय?"

"मफलर. आज आणि उद्या नको. परवापासून घाला."

"काऊन?"

 शेवटी म्हटलं, "पिवळा आहे."

ह्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि असे मोठ्याने हसले, की वरच्या गच्चीवर पतंगाला कन्नी बांधत बसलेले लोक डोकावून बघायला लागले. "मास्तरीणबाई! तू पण?"

मी रडकुंडीला आले होते. हात पोटावर होता, तो मी ठेवला नव्हता, आपोआप गेला होता. ह्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि हसणं थांबलं. मग गळा पुढे केला, लहान मुलगा आईपुढे करतो तसा. "घे. तूच काढ."

मी माझ्या हाताने ते दोन वेढे उलगडले. लोकर गरम होती. "रुमाल बांधा," मी म्हटलं. "हो हो," म्हणाले, आणि रुमाल खिशातच राहिला. गाडी सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी भाजीची हातगाडी आडवी होती. "ओ काका, जरा खहजो नी!" गाडी वळली.

तेवढंच. मी परत परत आठवून बघते, त्याच्यानंतर आणखी काही ऐकू आलं होतं का. पुढच्या चौकातून एखादी हाक? नाही. तेवढंच.

मफलर पदराखाली घेऊन वर आले. "गेला?" सासूबाईंनी आतूनच विचारलं. "गेले," मी म्हटलं आणि पेटी उघडून बाळाच्या स्वेटरवर तो ठेवला. आणि खरं सांगू? मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले. घरात पिवळं काही नव्हतं, बाळ आत लाथा मारत होतं, चारी बाजूंच्या गच्च्यांवरून "काइप्पो, लपेट" असा गलका चालू होता. कुणाचा तरी पतंग कापला की आरोळी उठायची. मी भिंतीला टेकून ऐकत बसले होते. त्या आरोळीचा मला अजून राग येतो. तिचा काही दोष नाही हे माहीत असूनही येतो.

दुपारी एकच्या सुमारास खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मी गॅलरीतून बघितलं. टेम्पोत आमची गाडी होती. उभी, दोन्ही बाजूंनी दोरखंडाने बांधलेली, मागे नमुन्यांचं गाठोडं जसंच्या तसं. कुठे पोचा नाही, आरसा फुटलेला नाही, धूळसुद्धा लागलेली नव्हती. शेजारी हँडल धरून मिलचा वॉचमन बसला होता. ज्या जागी आम्ही ती ओवाळून उतरवली होती, बरोबर त्याच जागी टेम्पो उभा होता. हे नव्हते.

अपघात झालेली गाडी मोडलेली असते. ही धडधाकट होती आणि म्हणूनच मी चपला न घालता खाली उतरले. मग हँडलवर लक्ष गेलं. गुलाबी दोऱ्याचे दोन वेढे पडले होते आणि एक टोक वाऱ्यावर हलत होतं.

"भाभी, गभराता नई," वॉचमन म्हणाला. "जीवे छे. दवाखाने लई गया छे." मग त्याने लोकांकडून ऐकलेलं सांगितलं. पर्वत पाटियाच्या अलीकडे रस्ता जरा मोकळा होता. कापलेल्या पतंगाचा दोरा खाली आला, पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी तो ओढून घेत होतं, त्याला खालचं काय दिसणार? ह्यांनी हात मधे घातला, तळवा उभा चिरला गेला, पण या वेळी हात उशिरा पोचला. तरी गाडी पाडली नाही. ब्रेक दाबला, बाजूला घेतली, स्टँडला लावली. "स्टँड करीने पछी बेसी गया," वॉचमन दोनदा म्हणाला. गाडी स्टँडला लावून मग खाली बसले. भावाची गाडी होती ना, जपायला हवी.

दवाखान्यात गळ्याला जाड पट्टी, हाताला पट्टी. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहेत, मोठी नस वाचली. आवाजाचं विचाराल तर बघू. सासूबाई उशाशी उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. पट्टीकडे बघत राहिल्या आणि मग विचारलं, "मफलर कुठं हाये रे?"

मी पलंगाच्या पायथ्याशी होते. मनात म्हटलं, आता. आता सांगायचं. तोंड उघडलंही. ह्यांनी डोळे माझ्याकडे वळवले, मग आईकडे. चांगल्या हाताने लिहायची खूण केली. सिस्टरने कागद-पेन्सिल दिली. वेडंवाकडं लिहिलं आणि आईपुढे धरलं. सासूबाईंना बारीक अक्षर वाचता यायचं नाही, म्हणून कागद माझ्याकडे आला. वाचून मलाच दाखवावं लागलं.

"गरम होत होतं. काढला."

मी ते मोठ्याने वाचलं. माझ्या तोंडाने वाचलं. आणि पुढे एक शब्द बोलले नाही.

"गरम!" सासूबाई म्हणाल्या. "जानेवारीत गरम होऊन राहिलं पोट्ट्याले!" आणि मग त्या रडल्या.

पुढे दोन दिवसांनी सुमनबाई दवाखान्यात आल्या. अंगावर पिवळं काही होतं का, हाच पहिला प्रश्न. नव्हतं, काढून टाकलं होतं मेल्याने, असं सासूबाई म्हणाल्या. "म्हनीसन वाचनात भाऊ," सुमनबाई म्हणाल्या, म्हणजे तेवढ्यानेच हे वाचले, आणि हात जोडले. त्या साध्या, मायाळू बाईचा मी काय राग धरणार? मला मात्र त्या दिवशी कळलं, असल्या समजुती कधी खोट्या का ठरत नाहीत ते. शाळेत शिकवायला हवं होतं. कधी शिकवलं नाही.

जखम भरली, आवाज आला नाही. जो आला तो कुजबुजीएवढा. शेजारच्या खोलीतून ह्यांनी हाक मारली तर मला ऐकू येत नाही. भांडण झालं तर ते माझं एकटीचंच होतं. मार्चमध्ये रेवती झाली. हे तिला मांडीवर घेऊन अंगाई म्हणायचे, आणि त्यातून नुसती हवा यायची. पोरीला तोच आवाज बाबांचा वाटतो. तिला दुसरा माहीतच नाही. ते कसे ओरडायचे, हे मी तिला नक्कल करून दाखवलं एकदा, तर ती हसली आणि म्हणाली, "काहीतरीच, बाबा असं?"

कामावर परत जायच्या आदल्या दिवशी हे गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले आणि हॉर्न बसवून आले. खाली उभं राहून एकदा वाजवला. मी वर पोळ्या करत होते. पोळी तव्यावर तशीच ठेवून मी मोरीत जाऊन रडले.

सासूबाई आठ वर्षांपूर्वी गेल्या. तोपर्यंत दर डिसेंबरात त्या ह्यांना बोलायच्या. गरम होऊन राहिलं म्हणे. मायनं रात्रंदिवस बसून विणला अन् यानं काढून फेकला. हे मान खाली घालून ऐकून घ्यायचे. मी चहा गाळत असायची, भाजी निवडत असायची, काहीतरी करत असायची. आज सांगू, उद्या सांगू. मग सांगायचं माणूसच उरलं नाही. आम्हा दोघांतही तो विषय कधी निघाला नाही. ह्यांनी काढला नाही आणि मला काढायचं धाडस झालं नाही. माफ केलंय का विसरलेत, का अजून कुठेतरी सलतंय, या तिन्हीतलं काय, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. एका पलंगावर झोपून कळलेलं नाही.

यंदा पुन्हा पिवळं आहे. मला कॅलेंडर बघावं लागलं नाही, मोबाइलवर सकाळपासून सातजणींनी पाठवलं, वर हात जोडलेली चित्रं.

आज भोगी. रेवती बँकेत जायला निघाली. तिच्या स्कूटरला तारेची कमान आहे, गळ्याचा पट्टाही आहे, पण ऐन वेळी तो सापडेना. उशीर होत होता. तिने पेटी उपसली आणि तळातून डांबरगोळ्यांच्या वासाचा तो मफलर काढला. "हा आजीने विणलेला ना? चालेल." गळ्याला गुंडाळायला लागली, आणि मोबाइल बघून थांबली. हसत म्हणाली, "अगं आई, पण यंदा पिवळं चालत नाही म्हणे. ग्रुपवर आलंय." आणि एक वेढा सैल केला. गंमत म्हणूनच केला. पण केला.

"बांध!" मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातून मोबाइल पडला.

"आई, काय झालं?"

हे खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्याकडे पाठ केली, कारण तोंड करून ते मला जमलं नसतं. "तुझ्या बाबांच्या गळ्यातून हाच मफलर मी काढला होता," मी म्हटलं. "याच दिवशी. पिवळा म्हणून. त्यांनी नव्हता काढला. आजी मरेपर्यंत त्यांना बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. मी काढला होता, रेवती. या हातांनी."

 गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला, आरोळी उठली आणि विरली. मागे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. हे उठून आले, माझ्या बाजूने पुढे झाले आणि लेकीच्या गळ्यातला तो सैल वेढा नीट केला. दुसरा दिला. टोकं आत खोचली. मग स्वतःच्या आईसारखंच बोट घालून बघितलं.

"अहो," मी म्हटलं, "आता तरी खरं बोला."

ऐकू यावं म्हणून मला अगदी जवळ जावं लागलं.

"गरम होत होतं मला," हे म्हणाले.